बांगाई कार्डिनलफिश एवढ्याशा जागेतच का अडकून पडलाय?

नीलतारा

गेले काही दिवस प्रवाळातल्या माशांचे नकाशे बघायचा नाद लागलाय, म्हणजे कुठला मासा कुठून कुठपर्यंत सापडतो ते रंगवलेले नकाशे असतात ना, ते. बहुतेकांचा रंग आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुरू होऊन पार पॅसिफिकच्या मध्यापर्यंत फासलेला असतो. मग मध्येच बांगाई कार्डिनलफिशचा नकाशा उघडला आणि आधी वाटलं पेज नीट लोडच झालं नाहीये. सुलावेसीच्या पूर्वेला एक ठिपका, बस्स. बांगाई नावाचा द्वीपसमूह आहे इंडोनेशियात, तेवढ्यातच हा मासा मूळचा.

आता माझा प्रश्न साधा आहे. त्या बेटांच्या बाजूलाही समुद्रच आहे, पाणी तेवढंच गरम, प्रवाळही आहेत, मग हा पलीकडे गेला का नाही? आणि मूरिश आयडॉलसारखा, पोहताना पंख सांभाळावा की अंग सांभाळावं असा दिसणारा मासा पूर्व आफ्रिका ते मेक्सिको-पेरू एवढा कसा पसरला? जाणकारांनी लिहा प्लीज, मला यातलं शास्त्र येत नाही, नुसती उत्सुकता आहे.

उंटावरचा_शहाणा

मासा आळशी आहे. धागा संपला, चला.

काचघर

आळशी म्हणायला हरकत नाही खरं तर, हा मासा पाळणारा कुणीही हेच सांगेल :) टाकीत सोडला की एक कोपरा धरून तरंगत राहतो, उगाच इकडून तिकडे धावाधाव नाही. पूर्ण वाढलेला आठेक सेंटिमीटरचा, चंदेरी अंग, त्यावर काळे उभे पट्टे आणि पांढरे ठिपके, शेपटी कात्रीसारखी. समुद्रातही तसाच, फार खोल जात नाही, बहुतेक दोन-तीन मीटर पाण्यात, लांब काट्यांचे काळे सी अर्चिन (गोळ्यासारखे काटेरी समुद्री प्राणी) असतात त्यांच्या काट्यांत घोळक्याने राहतो, कुणी मोठा मासा आला की आत शिरायचं की झालं. पिल्लं अ‍ॅनिमोनमध्येही, म्हणजे समुद्रफुलांतही लपतात. समुद्रगवतात, फांद्यांच्या प्रवाळात पण दिसतो.

पण नीलतारा, खरी गंमत त्याच्या पिल्लांची आहे. अंडी नराच्या तोंडात असतात. साधारण पन्नासेक अंडी, माशाच्या मानाने चांगली टपोरी, तीन मिलिमीटरच्या आसपास. वीसेक दिवस तो ती तोंडात धरून बसतो आणि अंडी फुटली तरी पिल्लं बाहेर सोडत नाही, अजून आठ-दहा दिवस तोंडातच. एवढे दिवस बाप उपाशी. शेवटी जेव्हा तोंड उघडतो तेव्हा बाहेर येतात ते अगदी छोटे बांगाई, पट्टे-बिट्टे सगळं तयार, आणि थेट जवळच्या अर्चिनकडे. नशीब वाईट असेल तर जवळपासची मोठी मंडळी त्यांना खाऊनही टाकतात, पण तो वेगळा विषय.

शंखपुष्पी

काचघर यांनी उत्तराचं कुलूप उघडून दिलंय, मी फक्त दार ढकलते.

नीलतारा, तुम्ही मोठ्या माशाकडे बघताय, तो किती पोहतो वगैरे. प्रवाळातले बहुतेक मासे मोठे झाल्यावर आयुष्य एकाच रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या एकाच खडकरांगेवर काढतात, काही तर एकाच खडकापाशी. प्रवास होतो तो जन्मल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत. अंडी किंवा लार्वा, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली अर्धवट वाढीची पिल्लं, उघड्या पाण्यात जातात, प्लवंगांबरोबर प्रवाहात राहतात, त्यातले जवळपास सगळे मरतात आणि उरलेले कुठेतरी रीफ सापडली की तिथे उतरतात. क्लाउनफिशचा हा टप्पा दहा-बारा दिवसांचा, फुलपाखरू माशांचा महिनाभराच्या वर जातो, रास नावाच्या माशांतल्या काहींचा तीन महिन्यांच्या आसपास. मूरिश आयडॉलचं पिल्लू तर उघड्या समुद्रात एवढं वाढतं की रीफवर येतं तेव्हाच सहा-सात सेंटिमीटरचं असतं, म्हणजे त्याचं बाळ जवळजवळ आपल्या बांगाईच्या बापाएवढं!

बांगाईने हा टप्पाच गाळलाय. त्याच्या घराण्यात, म्हणजे कार्डिनलफिशच्या कुळात, साडेतीनशेच्या वर जाती आहेत आणि तोंडात अंडी धरणं ही त्यांची नेहमीचीच रीत, पण बाकीचे अंडी फुटली की लार्वा पाण्यात सोडून मोकळे होतात. हा सोडतच नाही. त्यामुळे पिल्लू बापाच्या तोंडातून निघतं ते बापाच्याच अर्चिनमध्ये जातं. प्रवाहाला याचं काहीच हाती लागत नाही.

पाणबुड्या

+१ शंखपुष्पी ताई.

यावर झालेलं एक काम फार भारी आहे, २००५ चं. बांगाई समूहातल्या बेटांवरच्या माशांची जनुकं तपासली, तर वेगवेगळ्या बेटांवरचे वेगळे निघाले हे ठीकच, पण एकाच बेटाभोवती दोन ते पाच किलोमीटरवर असलेल्या रीफवरचे मासेसुद्धा एकमेकांपासून वेगळे निघाले. दोन किलोमीटर हो! म्हणजे शेजारच्या खाडीतला घोळका आणि या खाडीतला घोळका यांच्यात कितीतरी पिढ्या सोयरीक नाही. समुद्री माशात एवढी फूट फार म्हणजे फारच क्वचित बघायला मिळते, नाहीतर शेकडो किलोमीटरवरच्या माशांतही फरक काढता काढता नाकी नऊ येतात.

आणि ती बेटं एकमेकांना चिकटलेली नाहीत. मध्ये खोल पाण्याचे पट्टे आहेत, जोराचे प्रवाह आहेत. दोन मीटर पाण्यात अर्चिनला धरून राहणाऱ्याला शंभर मीटर खोल पट्टा म्हणजे भिंतच, कारण लपायला काहीच नाही, निघाला की कुणाच्या तरी पोटात.

नीलतारा

बाप रे. हे सगळं डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे नकाशातला ठिपका पण एकसंध नाही, ठिपक्यात आणखी ठिपके.

किती जागा आहे एकूण मग?

पाणबुड्या

सगळा पसारा धरला, म्हणजे बेटं, मधलं पाणी सगळं, तर साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. पण त्यातला बहुतेक भाग याच्या कामाचाच नाही. किनाऱ्यालगतची राहण्याजोगी उथळ पट्टी तेवढी मोजली तर साधारण ३४ चौरस किलोमीटर भरते. तीही जास्तीत जास्त धरून, त्या पट्टीत सगळीकडे मासा आहे असं नाही. पेलेंग, बांगाई, बांगकुलू, लाबोबो अशी बेटं आहेत त्यात.

भरतीओहोटी

उशीरा आलो धाग्यावर. सगळं पटलं, पण "लार्वा नाही म्हणून रेंज छोटी" हे एवढं सरळ नाहीये. एक मासा मध्ये टाकतो आणि बघू काय होतं ते.

स्पायनी क्रोमिस, अकँथोक्रोमिस पॉलिअकँथस. डॅमसेल माशांपैकी. यालाही लार्वाचा टप्पा नाही, आईबाप दोघं मिळून पिल्लं राखतात, पिल्लं त्यांच्या अंगावरचा चिकट थर टोचून खातात, घोळक्याने तिथेच मोठी होतात. म्हणजे कथा तीच. पण याची रेंज बघा, फिलिपिन्स, इंडोनेशियाचा पूर्व भाग, न्यू गिनी, सॉलोमन बेटं, व्हानुआतू आणि खाली ग्रेट बॅरिअर रीफ. हा कसा गेला मग? चालत?

उंटावरचा_शहाणा

आता आली मजा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शंखपुष्पी

चालतच गेला :) खरंच सांगते. म्हणजे एका पिढीत नाही, पिढीमागून पिढी, या रीफवरून शेजारच्या रीफवर. त्याला फक्त एक अट, मध्ये फार मोठं खोल पाणी नको. ग्रेट बॅरिअर रीफ बघा, हजारो किलोमीटर रीफला रीफ लागून. आणि हिमयुगांमध्ये समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली गेली होती, तेव्हा आज जे वेगळं दिसतं त्यातलं बरंच उथळ पाण्याने जोडलेलं होतं, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी तर एकच जमीन होती. शिवाय काळ हाताशी भरपूर. सरकत सरकत जायला दहा हजार वर्षं लागली काय आणि लाख लागली काय, माशाला घाई थोडीच आहे.

पण सरकत गेल्याच्या खुणा त्याच्या अंगावर राहिल्यात. त्याचा रंग जागोजागी वेगळा आहे, कुठे अर्धा काळा अर्धा पांढरा, कुठे सगळाच एकरंगी गडद. लार्वा सोडणाऱ्या माशात रंग असे जागच्या जागी गोठत नाहीत कारण दरवर्षी बाहेरून नवी भर पडत राहते. तेव्हा भरतीओहोटी, तुमचा मासा माझ्याच बाजूने साक्ष देतोय, रेंज मोठी दिसत असली तरी आतून ती तुकड्या-तुकड्यांची गोधडी आहे.

भरतीओहोटी

ठीक, ती साक्ष तुमच्याकडे. पण मग उलटा साक्षीदार आणतो. हवाईचा सॅडल रास, थॅलासोमा डुपेरे. याचा लार्वा जवळपास तीन महिने उघड्या समुद्रात असतो. तीन महिने! तुमच्या हिशोबाने हा अर्ध्या पॅसिफिकभर पाहिजे. आणि सापडतो कुठे? हवाई आणि जवळचं जॉन्स्टन अ‍ॅटॉल. संपलं. हवाईच्या रीफवरच्या माशांत सुमारे पाव जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि त्या काय सगळ्या तोंडात पिल्लं धरून बसणाऱ्या नाहीत, चांगले लार्वा सोडणारे मासे आहेत ते.

सगळ्या जातींना एकत्र घेऊन "लार्वाचे दिवस जास्त तर रेंज मोठी" असं मांडायला गेलं की संबंध फार ढिला निघतो. दोन टोकं धरली की छान दिसतं, मधली गर्दी आली की विस्कटतं.

मधली_सुट्टी

वाचतेय. मस्त चाललंय, भांडत रहा.

शंखपुष्पी

भांडण नाही ओ मधली_सुट्टी, भरतीओहोटींचा मुद्दा बरोबरच आहे आणि तो मला आवडलाही. त्यात अजून एक भर माझीच घाला. पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरात एक प्रयोग झाला, २००७ ला छापून आला. माशांच्या माद्यांना एक निरुपद्रवी खूण टोचली जी त्यांच्या पिल्लांच्या कानातल्या हाडात उतरते, आणि मग त्या छोट्या बेटाच्या रीफवर नव्याने आलेली पिल्लं पकडून बघितली की खुणेची किती. क्लाउनफिशची साठ टक्के पिल्लं तिथलीच निघाली, ठीक आहे, दहा-बारा दिवसांचाच प्रवास. पण फुलपाखरू माशाची, जो महिन्याच्या वर समुद्रात असतो, त्याचीही सुमारे साठ टक्के परत घरीच आलेली!

म्हणजे लार्वा नुसता वाहत जाणारा कचरा नाही. तो शेवटी शेवटी चांगला पोहतो, रीफचा आवाज ऐकतो, वास घेतो. त्याला लांब जायचं नसतंच, लांब जाणं हा अपघात असतो. पण अपघात व्हायला मुळात घराबाहेर तर पडायला हवं ना? फरक तिथे आहे. लार्वा सोडणाऱ्या माशाच्या लाखो पिल्लांतलं एखादं भरकटू शकतं, बांगाईचं एकही नाही. लार्वा हे तिकीट आहे, पोचण्याची हमी नाही. हवाईच्या रासाकडे तिकीट आहे पण जवळच स्टेशन नाही, चहूबाजूंनी हजारो किलोमीटर खोल पाणी, शिवाय तिथे बस्तान बसायला पुरेसे नर-मादी एकाच वेळी उतरायला हवेत. एकटा पोचून काय उपयोग.

भरतीओहोटी

हे झकास मांडलंत. तिकीट आणि स्टेशन.

आणि याचंच दुसरं टोक म्हणजे मूरिश आयडॉल, नीलताराचा मूळ प्रश्न राहूनच गेला. मध्य पॅसिफिकच्या शेवटच्या बेटांपासून अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत साधारण पाच हजार किलोमीटर नुसतं खोल पाणी आहे, मध्ये क्लिपर्टनसारखा एखादा कण सोडला तर उतरायला काहीच नाही. डार्विननेही हा पट्टा किनाऱ्यावरच्या प्राण्यांना ओलांडता न येणारा मानला होता. पश्चिमेकडचे बहुतेक रीफ मासे तिथेच थांबलेत. ज्या थोड्यांनी ओलांडला त्यात मूरिश आयडॉल आहे, कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या दक्षिण भागापासून पेरूपर्यंत. तिथे मात्र लार्वाचे दिवस खरोखर कामाला येतात, कारण एवढं अंतर दहा दिवसांत कुणी कापू शकत नाही. छोट्या अंतरांना दिवसांचा हिशोब फारसा लागू पडत नाही, या असल्या महाकाय दरीला पडतो.

आणि हो, आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानलाही आहे तो, कुणी विचारायच्या आत सांगून ठेवतो.

अवली

मी शिंपल्या-माशातला नाही पण नकाशांशी रोजचा संबंध आहे म्हणून एक पिंक टाकतो. ते रंगवलेले नकाशे जरा जपून वाचा मंडळी. मूरिश आयडॉलचा नकाशा बघून वाटतं की हिंदी महासागरात कुठेही बादली टाकली की हा वर येईल. प्रत्यक्षात रंग फासलेल्या भागाचा बहुतांश हा चार-चार किलोमीटर खोल समुद्र आहे, तिथे मोठा मूरिश आयडॉल एकही नाही. रीफ किती? समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे त्या नकाशावर खरं तर बारीक बारीक टिंबं हवीत, पण टिंबं काढायला माहिती लागते आणि वेळ लागतो, म्हणून सगळ्यात बाहेरच्या नोंदी जोडून आतमध्ये रंग ओततात. बांगाईच्या नकाशात ठिपका लहान असल्याने ही लबाडी कमी होते इतकंच.

आणि कडा! नकाशावर रेंजची कड म्हणजे पेनाने मारलेली रेघ, समुद्रात तसं काही नसतं.

पाणबुड्या

कडांबद्दल १००% सहमत. सिडनीचं उदाहरण बघा, ते काही उष्णकटिबंधात नाही. पण पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह उत्तरेकडून गरम पाणी खाली आणतो आणि त्याच्याबरोबर दर उन्हाळ्यात रीफवरच्या माशांचे लार्वा. छोटे छोटे फुलपाखरू मासे, पट्ट्यांचे सार्जंट मासे सिडनीच्या खडकांवर उतरतात, काही महिने छान राहतात आणि थंडी पडली की मरतात. परत पुढच्या वर्षी नवी खेप. जपानमध्ये कुरोशिओ प्रवाह हेच करतो आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गल्फ स्ट्रीम, उन्हाळा संपता संपता न्यूयॉर्कच्या बाजूलाही कॅरिबियन फुलपाखरू माशांची पिल्लं सापडतात.

आता सिडनी या माशांच्या रेंजमध्ये धरायचं की नाही? सापडतात तर दरवर्षी, पण तिथे त्यांची पुढची पिढी नाही. आणि पाणी तापत चाललंय तसं त्यातले काही थंडीही काढायला लागलेत, म्हणजे रेघ हळूहळू सरकते आहे. बांगाई या सगळ्यातून बाहेर. पाणी तापलं, त्याच्या खाडीतले अर्चिन गेले, प्रवाळ पांढरे पडले तर दुसरीकडे जायची सोयच नाही त्याला.

नीलतारा

हे वाचून जरा वाईटच वाटलं. बरं मग एक विचारू, हा मासा जगभर टाक्यांमध्ये आहे ना? मग कुणीतरी दुसरीकडे सोडला असेलच की. तिथे जगला का?

काचघर

जगला, आणि ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे, जरा मागून सांगतो.

वॉल्टर काउडर्न नावाचे स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ सुलावेसीत फिरत होते, त्यांनी १९२० मध्ये या माशाचे नमुने गोळा केले. १९३३ ला कौमान्स यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि काउडर्न यांच्यावरून टेरापोगॉन काउडर्नी नाव दिलं. त्यानंतर साठेक वर्षं शास्त्रीय जगात त्याच्याबद्दल चिडीचूप. मग १९९४ मध्ये जेराल्ड अ‍ॅलन यांनी तो परत शोधून काढला, फोटो बाहेर आले आणि शोभेच्या माशांच्या बाजारात एकच झुंबड. देखणा, शांत, मिळेल ते खाणारा आणि पकडायला सोपा, अर्चिनभोवती घोळका उभाच असतो, जाळी लावली की झालं. २००० नंतरच्या काही वर्षांत वर्षाला सहा-सात लाख मासे उचलले जात होते असा अंदाज आहे. एकूण मासे किती? २००७ च्या सुमाराचा अंदाज चोवीस लाखांचा. करा हिशोब. काही बेटांभोवतीचे घोळके जवळपास साफ झाले. २००७ मध्ये आययूसीएनने, म्हणजे निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने, त्याला धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत घातलं.

तर या धंद्यातच साधारण २००० साली बांगाईपासून चारेकशे किलोमीटर उत्तरेला लेंबे सामुद्रधुनीत हे मासे सोडले गेले. तिथे ते मस्त रुजले, सामुद्रधुनीत बऱ्याच ठिकाणी पसरले, आता डायव्हर लोक तिथे जाऊन त्यांचे फोटो काढतात आणि अनेकांना माहीतही नसतं की हा इथला नाहीच. बालीच्या गिलीमानुकला, पालूच्या उपसागरात, लुवुक बंदरातही असेच सोडलेले आहेत.

शंखपुष्पी

यात नीलताराच्या पहिल्या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर आहे बघा. पलीकडचं पाणी त्याला चालत नव्हतं असं नव्हतंच. पाणी चालत होतं, अर्चिन होते, खाणं होतं. फक्त जायला वाट नव्हती. माणसाने बादलीतून नेला तर सुखाने राहिला.

उंटावरचा_शहाणा

मग लायनफिशसारखं का नाही झालं? तो पण टाकीतूनच सुटलेला ना, वादळात कुठलीतरी टाकी फुटली आणि सगळा अटलांटिक व्यापला म्हणे.

भरतीओहोटी

ते १९९२ च्या अँड्र्यू वादळात टाकी फुटल्याचं सगळीकडे फिरतं, पण फ्लोरिडाजवळ लायनफिश १९८५ लाच सापडला होता, वादळाच्या सात वर्षं आधी. कुणीतरी टाकीतून सोडला एवढंच खरं, आणि जनुकांवरून सुरुवातीचे मासे थोडेच होते हेही दिसतं.

पण तुमचा प्रश्न चांगला आहे शहाणे, कारण दोन्ही मासे मूळचे तिकडचेच, दोन्ही माणसानेच सोडलेले, आणि परिणाम बघा केवढा वेगळा. लायनफिशची मादी दर काही दिवसांनी अंडी घालते, वर्षाला वीस लाखांपर्यंत, तीही पाण्यावर तरंगणाऱ्या चिकट गोळ्यांतून, आणि लार्वा पंचवीस-तीस दिवस प्रवाहात. २००० नंतर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सगळीकडे दिसू लागला, मग बहामा, कॅरिबियन, मेक्सिकोचं आखात, २०१४ ला ब्राझील. अ‍ॅमेझॉनच्या तोंडाशी समुद्रात गोड्या गढूळ पाण्याचा केवढा पट्टा पसरतो, रीफ माशांना तो अडवेल असं मानत होते, तोही पार झाला. त्याचा भाऊबंद दुसऱ्या बाजूने सुएझमधून भूमध्य समुद्रात शिरलाय, २०१२ नंतर तिथेही जोरात आहे.

बांगाई मात्र जिथे सोडला तिथून रांगत रांगतच पुढे. लेंबेत सोडला तर लेंबेत. सामुद्रधुनीबाहेर झेप नाही.

मधली_सुट्टी

एक भाबडा प्रश्न. लेंबेत एवढा छान वाढतोय तर मग धोक्यात कसा? तिथला वाढवायचा, बांगाईतला संपला तरी जात उरलीच की. विमा काढल्यासारखं.

पाणबुड्या

हे बऱ्याच जणांना वाटतं, आणि ऐकायला बरं वाटतं, पण मला अजिबात पटत नाही. वर लिहिलं ना, दोन-पाच किलोमीटरवरचे घोळके पण वेगळे. लेंबेत जे गेले ते धंद्यात हाताला लागले ते, त्यात सगळ्या बेटांचं वाण थोडंच आलंय. मूळ समूहात एका खाडीतला घोळका संपला की त्याचं जे काही वेगळेपण होतं ते गेलं आणि शेजारून कुणी येऊन ती जागा भरणार नाही, लार्वाच नाहीत तर येणार कोण. लायनफिशचा एक कोपरा साफ केला तर सहा महिन्यांत परत भरतो, इथे मोकळा झालेला कोपरा मोकळाच.

दुसरं, लेंबेतल्या अ‍ॅनिमोनमध्ये आधीपासून क्लाउनफिश आणि इतर छोटी मंडळी राहतात, त्यांच्या घरात हे नवे भाडेकरू घुसले. त्याला विमा म्हणायचं की आक्रमण, हे कुणाच्या बाजूने बघता त्यावर आहे.

काचघर

पाणबुड्या, पहिल्या मुद्द्याशी सहमत, दुसऱ्यावर नंतर भांडू. पण एक चांगली बाजू पण सांगायला हवी. ज्या सवयीमुळे हा अडकलाय तिच्यामुळेच टाकीत वाढवायला सगळ्यात सोप्या समुद्री माशांपैकी आहे. बाकी समुद्री माशांचे लार्वा डोळ्यांना दिसत नाहीत एवढे बारीक, त्यांना खायला काय घालायचं इथेच गाडी अडते. बांगाईचं पिल्लू तोंडातून आल्या आल्या नुकती फुटलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, खातं. थायलंडमध्ये मोठ्या प्रमाणावर पैदास होते. म्हणजे समुद्रातून उचलायची गरजच खरं तर उरलेली नाही. घेताना टाकीत जन्मलेलाच घ्या, मागून घ्या, विकणाऱ्याला विचारा. समुद्रातून पकडून आणलेल्यांत बऱ्याचदा एक विषाणू पण आढळतो, तो लागलेले गप्प होऊन मरतात, तेव्हा स्वार्थ म्हणून तरी.

अवली

कायद्याचं काय? एवढी छोटी रेंज म्हटल्यावर बंदी असेलच.

काचघर

पूर्ण बंदी नाही. २००७ मध्ये अमेरिकेने साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीत घालायचा प्रस्ताव आणला होता, मागे घ्यावा लागला, २०१६ ला युरोपियन युनियनने आणला तोही मागे घेतला गेला. त्याच वर्षी अमेरिकेने स्वतःच्या कायद्याखाली त्याला संकटाच्या वाटेवरची जात ठरवलं. इंडोनेशियाने २०१८ मध्ये मर्यादित संरक्षण दिलं, म्हणजे वर्षातले ठरावीक प्रजननाचे महिने पकडायचं नाही, बाकी वेळ चालतं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर मासा वाचवताना अर्चिन विसरले जातात. बांगाईत अर्चिन आणि अ‍ॅनिमोन दोन्ही गोळा केले जातात, अर्चिन माणसांच्या खाण्यासाठी आणि दुसऱ्या माशांना चारा म्हणूनसुद्धा. मासा एकही नाही पकडला आणि काटे उचलून नेले तरी तो गेलाच, पिल्लं उघड्यावर पडली की मोठे मासे आहेतच टपलेले.

शंखपुष्पी

हो, आणि यात अवलींचा नकाशाचा मुद्दा परत येतो. नकाशावर ठिपका तेवढाच दिसत राहील, काठावरच्या बेटांवर चार घोळके जिवंत असले तरी बाहेरची रेघ तीच. आत किती रिकामं झालं ते रेघ सांगत नाही. अशा माशासाठी घोळके मोजायला हवेत, खाडीवार.

नीलतारा

मी आता स्पायनी क्रोमिसचे जागोजागचे रंग शोधत बसलेय, दुपार गेली यात. भरतीओहोटी, एक शंका राहिली. ग्रेट बॅरिअर रीफवर मध्ये कुठे खोल पट्टे नाहीत का? तिथे रंग बदलतात ते नेमके अशा पट्ट्यांपाशीच बदलतात की कुठेही?

भरतीओहोटी

पट्टे आहेत, पण बांगाईसारखे खोल नाहीत. रीफच्या मधलं पाणी बरंचसं तीस-चाळीस-साठ मीटरचं आहे, खंडाच्याच उथळ बैठकीवर आहे ना ती सगळी. त्यामुळे तिथला हिशोब नुसत्या आजच्या खोलीवर लागत नाही, पाणी खाली होतं तेव्हा कोण कुठे अडकलं आणि वर आल्यावर कोण कुठून परत आलं हेही धरावं लागतं. आज एकाला एक लागून असलेल्या रीफवर दोन रंग शेजारी दिसतात ते त्यामुळे असू शकतात. यासाठी वेगळा धागा काढा, इथे काचघर आणि पाणबुड्या यांचं लेंबेवरचं भांडण बाकी आहे.

पाणबुड्या

बाकी आहेच. काचघर, या. क्लाउनफिशच्या अ‍ॅनिमोनमध्ये बाहेरचा घोळका सोडणं तुम्हाला चालतं ते कसं, तेवढं सांगा आधी.